खरखर हटवणारे आर्मस्ट्राँग

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या गाडीत एक त्रास सुरू झाला. फोन ऑक्स केबलने जोडून गाणी लावली की मागे बारीक कुईं असा आवाज यायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जायचा. बायकोच्या मते स्पीकर गेले होते. मी सॉफ्टवेअरवाला, एकेक गोष्ट वेगळी काढून बघायची सवय. एफएम लावला, तर आवाज स्वच्छ! म्हणजे स्पीकर ठीक. मग फोनचा चार्जर काढला, आणि कुईं गायब. चार्जर आणि ऑक्स केबल, दोघांचं अर्थिंग गाडीतूनच होत असल्याने एक फेरा तयार झाला होता आणि त्यातून अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरत होता. केबलच्या मधे छोटा आयसोलेटर बसवला, काम झालं.

पण त्या स्वच्छ एफएममुळे मला एक माणूस आठवला. आम्ही न्यू जर्सीत राहतो. हडसनच्या काठाने पॅलिसेड्स पार्कवेवरून वर जाताना अल्पाइन गावात तीन आडवे हात पसरलेला एक उंच लोखंडी मनोरा दिसतो. मी कित्येक दिवस तो मोबाईलचा टॉवरच समजत होतो. तो उभारला एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांनी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतःच्या खिशातून पैसे घालून. एफएम रेडिओ ही त्यांचीच देणगी.

त्यांचा जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. वाढले नदीपलीकडच्या याँकर्समध्ये. शाळेत असतानाच घराच्या आवारात अँटेनासाठी सव्वाशे फुटांचा खांब उभा करून त्यावर चढायचे. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ च्या सुमारास, त्यांना पहिला मोठा शोध लागला. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कशी किंचाळी निघते, आठवतंय ना? बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरून वाढत जातो. आर्मस्ट्राँगनी हेच रेडिओच्या क्षीण लहरींवर, पण लगाम घालून केलं. पुढे पहिल्या महायुद्धात, पॅरिसमध्ये लष्करात असताना, त्यांनी सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर तयार केला. घरातल्या साध्या रेडिओपर्यंत तीच रचना पोचली.

१९२३ मध्ये त्यांनी मॅरियनशी लग्न केलं. ती आरसीए कंपनीच्या डेव्हिड सार्नॉफ यांची सेक्रेटरी. सार्नॉफ त्यांचे मित्रच. लग्नाची भेट म्हणून नवरदेवाने तिला स्वतः बनवलेला पोर्टेबल रेडिओ दिला!

तेव्हाच्या रेडिओत खरखर फार. आमच्या आजोबांच्या मीडियम वेव्हवर वीज चमकली की बातम्या बुडायच्या, तीच गोष्ट. कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीवर लादलेला असतो, आणि विजेचा झटकाही ती उंचीच बिघडवतो. बाकीचे लोक लहरींचा पट्टा अरुंद करून खरखर कमी करू बघत होते. आर्मस्ट्राँगनी उलट केलं. उंची तशीच ठेवली, वारंवारता बदलती केली आणि पट्टा रुंद केला. १९३३ मध्ये पेटंटं मिळाली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंजिनियरांपुढे प्रयोग झाला, तेव्हा ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाजही स्पष्ट ऐकू आला.

पण आरसीएचं लक्ष टेलिव्हिजनकडे वळलं होतं. १९४० मध्ये कंपनीने त्यांना एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. बाकीच्या कंपन्या रॉयल्टी देतात, मग यांना वेगळी सवलत का, म्हणून त्यांनी नकार दिला. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच बदलला, आणि लोकांच्या घरातले जुने एफएम सेट निरुपयोगी ठरले. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग कोर्टात गेले. वर्षानुवर्षं साक्षी, वकील, खर्च. पेटंटांची मुदत संपली, पैसाही संपत आला. १९५३ च्या थँक्सगिव्हिंगला नवराबायकोत कडाक्याचं भांडण झालं आणि मॅरियन बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँगनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ६३.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी एफएमबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की मग त्याच्या बायकोचं काय झालं?

मॅरियनने खटले सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएशी तडजोड झाली, ती सुमारे दहा लाख डॉलरवर. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी नाकारली होती जवळपास तेवढीच रक्कम. बाकीच्या कंपन्यांशी ती लढत राहिली आणि शेवटचा खटला १९६७ मध्ये जिंकली. नवऱ्याचं म्हणणं खरं होतं, हे सिद्ध झालं. ते ऐकायला तो नव्हता.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले की, तत्त्वासाठी लढावं, पण घरी कुणाशी तरी बोलत राहावं. मला हे कोर्टकचेरीपेक्षा माझ्या रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामाबद्दल होतं असं वाटलं. मी काही बोललो नाही.

सप्टेंबर २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरबरोबर तिथले अँटेनाही गेले, तेव्हा काही टीव्ही केंद्रांनी अल्पाइनच्या याच मनोऱ्यावरून प्रक्षेपण चालू ठेवलं. आईबाबा उन्हाळ्यात इकडे येताहेत. आल्यावर त्यांना तिकडे घेऊन जाणार आहे. गाडीत त्या दिवशी फोन जोडणार नाही, एफएमच लावणार.