धर्मानंद दामोदर कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६ – ४ जून १९४७) हे पाली भाषेचे पंडित, बौद्ध धर्माचे अभ्यासक आणि मराठी लेखक होते. त्यांचा जन्म गोव्यातील साखवाळ येथे झाला. बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी १८९९ मध्ये घर सोडून ते पुणे, काशी व नेपाळमार्गे पुढे श्रीलंकेत पोहोचले.

केंब्रिजमधील कार्य

हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्यासाठी कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेत, बॉस्टनलगतच्या केंब्रिज शहरातील हार्वर्ड विद्यापीठात गेले. संपादकत्वाच्या श्रेयावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्याने १९१२ मध्ये ते काम अर्धवट सोडून परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. १९१८ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. या वेळी मुलगी माणिक व मुलगा दामोदर सोबत होते. पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेल्या दामोदर यांचे शालेय शिक्षण तेथे झाले. त्यानंतरही या ग्रंथासाठी कोसंबींनी केंब्रिजच्या फेऱ्या केल्या.

सेवाग्राम येथे उपोषण करून त्यांनी देहत्याग केला. हार्वर्डची आवृत्ती त्यानंतर, १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तीवर संपादक म्हणून वॉरन यांचे, तर संस्करणकर्ते म्हणून कोसंबींचे नाव आहे.