मक्याच्या दाण्यांत सापडलेली भटकी जनुके

फेब्रुवारी-मार्चचे दिवस आले, की नाशिकच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या परिसरातून आलेले थॉमसन सीडलेसचे हिरवट-पिवळे घोस एका बाजूला आणि काळी द्राक्षे दुसऱ्या बाजूला. काळ्या द्राक्षाला त्याचा रंग सालीतील रंगद्रव्यामुळे येतो. हिरव्या द्राक्षात ते रंगद्रव्य का नसते, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र २००४ पर्यंत मिळालेले नव्हते. त्या वर्षी जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले, की रंगद्रव्याची निर्मिती सुरू करणाऱ्या जनुकाच्या अगदी तोंडाशी डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला आहे आणि त्यामुळे ते जनुक मुके झाले आहे. शेजारच्या दुसऱ्या जनुकातही बिघाड असतो, हे पुढे तीन वर्षांनी कळले. वेलीच्या जनुकसंचात अन्यत्र असलेल्या अशाच तुकड्याची प्रत फार पूर्वी केव्हा तरी तेथे जाऊन बसली होती.

डीएनएचा तुकडा अशी जागा बदलू शकतो, ही गोष्ट प्रथम ओळखली ती बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकी विदुषीने. त्यांचे सारे आयुष्य मक्याच्या शेतात आणि सूक्ष्मदर्शकापाशी गेले.

मॅक्लिंटॉक यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. मुलगी शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, या धास्तीने आईचा महाविद्यालयीन शिक्षणाला विरोध होता. त्या काळातील आपल्याकडच्या घरांतही हेच बोलले जात असे. वडील पहिल्या महायुद्धातील सेवेहून परतले, त्यांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ मध्ये बार्बरा कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९२७ मध्ये त्यांना वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. लग्न त्यांनी केले नाही.

त्या सुमारास आनुवंशिकीचे बहुतेक संशोधन फळमाशीवर चालत असे. मॅक्लिंटॉक यांनी मक्याची दहा गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळी ओळखण्याची रीत बसवली आणि मका या शास्त्राच्या केंद्रस्थानी आला. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन या विद्यार्थिनीसह त्यांनी सिद्ध केले, की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही प्रत्यक्ष बदलले जातात. फळमाशीवरील तशाच निष्कर्षाचा कर्ट स्टर्न यांचा निबंध त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आला. तिशीही न गाठलेल्या या स्त्रीचे नाव एवढ्यात सर्वतोमुखी झाले होते. पण कायमची नोकरी मिळेना. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात पद मिळाले. तेथे आपल्याला पुढे वाव नाही, अशी त्यांची खात्री झाली आणि १९४१ मध्ये त्यांनी ते सोडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत त्या आल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. १९४४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडल्या गेलेल्या त्या केवळ तिसऱ्या स्त्री होत. पुढच्याच वर्षी त्या देशाच्या आनुवंशिकी संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. हे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांची कथा पुष्कळदा कोपऱ्यात ढकललेल्या अज्ञात स्त्रीची कथा म्हणून रंगवली जाते. त्या अज्ञात कधीच नव्हत्या.

येवला-मालेगावकडे खरिपात पिकणारा मका बहुधा एकरंगी पिवळा असतो. मॅक्लिंटॉक यांच्या शेतातील कणसे तशी नव्हती. त्यांत जांभळे दाणे असत, रंगहीन दाणे असत आणि रंगहीन दाण्यांवर जांभळे ठिपके, पट्टे, शिंतोडे असत. पेरणीपासून परागीकरणापर्यंतची कामे त्या स्वतः करीत, प्रत्येक झाडाची नोंद ठेवीत आणि कणसे हाती आली, की दाणा न् दाणा तपासत बसत. काही झाडांमध्ये नवव्या गुणसूत्राची एक बाजू ठरावीक ठिकाणीच तुटते, असे त्यांच्या ध्यानात आले. तुटण्याच्या त्या जागेला त्यांनी डीएस असे नाव दिले. ते तुटणे घडवून आणायला आणखी एक घटक लागत असे, तो एसी. मग १९४८ च्या सुमारास लक्षात आले, की डीएस एका जागी राहतच नाही. तो उठून दुसरीकडे जातो. रंगाच्या जनुकात जाऊन बसला, की दाणा रंगहीन होतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो बाहेर पडला, की त्या पेशीच्या साऱ्या संततीला रंग परत मिळतो आणि ठिपका उमटतो. लवकर बाहेर पडला तर मोठा डाग, उशिरा पडला तर बारीक ठिपका. दाण्याच्या पाठीवर जनुकांच्या हालचालींचा वृत्तांतच लिहिलेला असे आणि तो वाचणारी व्यक्ती तेव्हा बहुधा एकच होती.

जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी ओवलेली असतात, अशी त्या काळची समजूत होती. १९५१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात मॅक्लिंटॉक यांनी आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा प्रतिसाद थंड होता. विषय गुंतागुंतीचा, मांडणी दाट. मक्याच्या जाणकारांखेरीज फारच थोड्यांना तो उमगला. त्यातही एक बारकावा आहे. मक्यातील घटक जागा बदलतात, हे मक्याच्या अभ्यासकांनी फारसे आढेवेढे न घेता मान्य केले होते. मॅक्लिंटॉक यांना मात्र त्याहून मोठे काही म्हणायचे होते. एकाच बीजापासून मूळ, पान, फूल अशा भिन्न पेशी घडतात, त्या अर्थी जनुके योग्य वेळी चालू-बंद करणारी यंत्रणा असलीच पाहिजे आणि हे फिरते घटक म्हणजे तीच यंत्रणा होय, असा त्यांचा दावा होता. त्यांना ते नियंत्रक घटक म्हणत. हा दावा लोकांच्या गळी उतरला नाही. काही वर्षांनी त्यांनी या विषयावर नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबवले; संशोधन चालूच राहिले, पण त्याचे वृत्त संस्थेच्या वार्षिक अहवालात तेवढे येत राहिले.

कोंडी फुटली ती जिवाणूंमुळे. १९६१ मध्ये पॅरिसच्या जाकोब आणि मोनो यांनी आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत जनुके चालू-बंद कशी होतात, ते उलगडले. मॅक्लिंटॉक यांनी त्याच वर्षी निबंध लिहून मका आणि जिवाणू यांतील साम्य दाखवले. त्याकडेही फार कोणी वळले नाही. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक जेम्स शापिरो आणि जर्मनीतील श्टार्लिंगर, सेडलर यांच्या गटाला ई. कोलायमध्ये एक चमत्कारिक बिघाड दिसला. बिघडलेले जनुक वाहून नेणारे विषाणू मोजले, तर ते नेहमीपेक्षा जड भरत होते. याचा अर्थ, जनुकातून काही गळाले नव्हते. त्यात डीएनएची भर पडली होती. सातशे-आठशेपासून चौदाशेपर्यंत अक्षरे असलेले ठरावीक तुकडे निरनिराळ्या जनुकांत घुसत होते. मक्याचे सामान्यतः वर्षाला एक पीक येते, ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. मॅक्लिंटॉक यांना ज्यासाठी कित्येक हंगाम थांबावे लागले, ते जिवाणूशास्त्रज्ञांना आठवड्यांत पाहता येऊ लागले आणि डीएनए मोजून, कापून दाखवता येऊ लागले.

याला रुग्णालयांतील वास्तवाचीही जोड होती. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जिवाणू एकदम तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले होते आणि हा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जात होता. १९७४ मध्ये असे दिसून आले, की ॲम्पिसिलिनला निष्प्रभ करणारे जनुक डीएनएच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घेते. अशा तुकड्यांना ट्रान्सपोझॉन हे नाव तेव्हाच पडले. दिल्लीचे नाव लागल्यामुळे २०१० मध्ये आपल्याकडे गदारोळ माजला, त्या एनडीएम-१ जनुकाच्या लगतही असाच घुसखोर तुकडा आढळतो. १८९६ पासून मुंबई इलाख्यात हाहाकार उडवणाऱ्या प्लेगच्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला, तेव्हा तोही अशा तुकड्यांनी खच्चून भरलेला निघाला.

मक्यातील तुकडे आणि जिवाणूंतील तुकडे एकाच प्रकारच्या घडामोडीची रूपे आहेत, हे स्पष्ट झाल्यावर मानसन्मानांची रीघ लागली. १९८१ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक त्यांना एकटीला, कोणाही बरोबर वाटून न घेता मिळाले. ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. पारितोषिक मिळाले ते फिरत्या घटकांच्या शोधासाठी. आयुष्यभर जो नियंत्रणाचा मुद्दा त्यांनी लावून धरला, तो त्यांनी मांडला त्या स्वरूपात मान्य झाला नाही. पेशींचे भिन्नपण मुख्यतः निराळ्या यंत्रणांनी घडते, असे आजचे शास्त्र सांगते. मात्र अशा तुकड्यांचे काही अवशेष शेजारच्या जनुकांवर अंमल गाजवतात, हेही अलीकडच्या काळात पुढे आले आहे. मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८५ टक्के आणि माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग या भटक्यांपासून बनलेला आहे, ही मोजदाद झाली तेव्हा त्या हयात नव्हत्या. २ सप्टेंबर १९९२ रोजी, नव्वदी पूर्ण केल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचे निधन झाले.

द्राक्षातील तो उपरा तुकडा उघडकीस आला तो त्यानंतर बारा वर्षांनी. तो मक्यातील डीएससारखा जागा सोडून जात नाही; स्वतःची प्रत दुसरीकडे पाठवतो. तरीही कधी कधी त्याचा बराचसा भाग गळून पडतो. इटालिया नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या वेलीवर असेच घडले आणि रुबी ओकुयामा ही तांबड्या द्राक्षांची जात निघाली. तिच्यात रंगाच्या जनुकापाशी त्या तुकड्याचे एक टोक तेवढे मागे उरले आहे.