अर्देशीर करसेटजी वाडिया

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ सालीं. माझगांवच्या एका बंगल्यांत मात्र ते १८३४ सालींच उजळले होते. त्या घराचे धनी अर्देशीर, जन्म १८०८, हे जहाजें बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी कुळांतले. घरची विद्या लांकडाची; यांचें चित्त वाफेच्या यंत्रांत गुंतलें. १८३९ सालीं विलायतेस जाऊन ते शिकून आले. १८४१ सालीं ते कंपनीच्या मुंबईंतील वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर झाले. गोऱ्या कारागिरांवर हिंदी माणसाचा हुकूम! कित्येक इंग्रजांस हें रुचलें नाहीं. परंतु त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान पुन्हां हिंदी माणसास मिळाला तो १९१८ सालीं, रामानुजन् यांस. पुढें अमेरिका पाहून, सिंधु नदीवरील आगबोटींचें काम सांभाळून ते विलायतेंतच राहिले व १८७७ सालीं रिचमंड येथें वारले.