खराट्यामागचा माणूस

गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. शाळेत निबंधाला तेवढं पुरतं. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या वाट्याला तो निबंधसुद्धा आला नाही. हॉस्टेलला आल्यावर प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं बाबांचं चरित्र हातात पडलं आणि कळलं, की खरी गोष्ट खराट्याच्या बरीच आधी सुरू होते.

आमच्या हदगावहून पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. बाबा त्याच बाजूचे, वऱ्हाडातले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव देबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला माहेरी आली. देबू मामाच्या घरी गुरं राखत, नांगर धरत वाढला. शाळा नाहीच. कष्ट मात्र असे, की मामाची शेती फुलायला लागली.

आणि इथंच घर बुडालं. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराकडे पैसे भरले, पण पावती घेतली नाही. कर्ज कागदावर वाढत गेलं, जमीन गेली आणि त्या धक्क्यात मामाही गेला. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा देबूने त्याला हाकलून लावलं. पण एका सावकाराला एकदा पळवून लावल्याने गावचं कर्ज थोडंच फिटतं! लग्नात, बारशात, तेराव्याला लोक कर्ज काढून दारू-मटणाच्या पंगती घालतच होते. देबूने आपल्या मुलीच्या बारशाला ही रीत मोडली, गोड जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले आणि बाकीच्यांच्या घरी जुनंच चालू राहिलं. माझ्या मते त्यांचं पुढचं सगळं काम या दोन अपयशांतून उभं राहिलं. एकट्याची मेहनत पुरत नाही आणि नुसत्या सांगण्याने कुणी बदलत नाही, हे त्यांनी घरीच बघितलं होतं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. मागे आई, बायको कुंताबाई आणि लहान लेकरं. खरं सांगायचं तर मला हे अजून पटत नाही. चरित्रकार याला वैराग्य म्हणतात, पण त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली असेल हाच विचार माझ्या मनात येतो.

पुढची बारा वर्षं ते गावोगाव फिरले. पद्धत साधी होती. ओळख न सांगता गावात शिरायचं आणि रस्ता झाडायला लागायचं. लोक आधी वेडा म्हणायचे. मग अंगणासमोरची आपलीच घाण हा परका माणूस काढतोय हे बघून कुणीतरी लाजून खराटा घ्यायचा, त्याच्यामागे दुसरा. संध्याकाळी त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन. तेही एकतर्फी नाही. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. मामाची हरवलेली पावती मला या सगळ्यात दिसते. कीर्तन संपलं की बाबा पुढच्या गावाला.

आपण इंजिनिअर लोक ज्याला सिस्टिम म्हणतो ती हीच. फरक एवढाच, की यात उद्घाटन नाही. आपल्याकडे श्रमदानाला आधी बॅनर येतो, मग पाहुणे, मग फोटो, आणि चहाचे कप तिथेच पडतात!

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला तर त्यांनी घर सोडायच्या आधीपासूनच जत्रेत सोबत्यांना घेऊन सफाई केली होती. कर्जाने बुडालेल्या घरातला पोरगा आणि गावाचं नाव ऋणमोचन! पुढे तिथे घाट बांधला. मग धर्मशाळा. पंढरपुरात १९१७ ची चोखामेळा धर्मशाळा, नंतर नाशिक, आळंदी, देहू आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाईकांसाठी. माझ्या घरच्यांचा यावर हक्क नाही, हा त्यांचा कडक नियम. स्वतःचा कुणी शिष्य असल्याचंही त्यांनी कधी मानलं नाही. १९४९ मध्ये चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही.

त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावागावांत चुरस लागली, बक्षिसं मिळाली, बरीच गावं खरंच बदलली. काही मात्र तपासणी समिती येईपर्यंतच चकचकीत राहिली. बाबा कधी येणार हे आधी कळायचंच नाही, हा त्यांचा फायदा होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. ती बातमी बाबांना फार लागली. ते आजारी होतेच. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला अमरावतीकडे नेत असताना पेढी नदीच्या पुलाजवळ गाडीतच त्यांनी प्राण सोडला. इतक्या धर्मशाळा बांधलेल्या या माणसाच्या स्वतःच्या नावावर एक खोलीही नव्हती.