अंध चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी

बंगालचे थोर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांचा जन्म १९०४ साली कलकत्त्यालगतच्या बेहाला येथे झाला. जन्मापासून त्यांचा एक डोळा निकामी व दुसरा अत्यंत अधू होता. चारचौघांसारखी शाळा झेपेना म्हणून घरच्यांनी त्यांना शांतिनिकेतनात धाडले. १९१९ साली ते तेथील कलाभवनात दाखल झाले. अशा दृष्टीचा मुलगा चित्रे काय काढणार, ही शंका गुरू नंदलाल बोस यांनाही आली होती. परंतु मुलाला मनापासून आवड असेल तर त्यास अडवू नये, असे रवींद्रनाथांनी त्यांना सुचविले.

१९४६-४७ मध्ये त्यांनी तेथील हिंदी भवनात कबीर, सूरदास, तुलसीदास आदी संतांचे जीवन तीन भिंतींवर रंगविले. हे काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर करावयाचे असते. गिलावा सुकण्याआत रंग भरला पाहिजे, चुकले तर खोडता येत नाही. आपल्या सभामंडपाचा गिलावा चालू असता ज्यांनी पाहिला, त्यांना यातील घाई कळेल. बिनोदबाबूंनी तर भिंतीवर आधी आराखडाही उतरवून घेतला नाही. (आमचे कचेरीत चष्मा घरी राहिला तर साधा सातबारा वाचवत नाही!)

पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली व १९५७ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, उरलीसुरली दृष्टीही गेली. चित्रकाराचे डोळे जाणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन जाण्यासारखेच. पण दृष्टी परत येईल या आशेवर ते बसून राहिले नाहीत. आंधळेपण हा एक नवा अनुभव आहे असे मानून त्यांनी तो स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी शांतिनिकेतनात येऊन पुन्हा शिकवू लागले. आता बोटे हेच त्यांचे डोळे झाले. मेणाच्या छोट्या मूर्ती घडविल्या, रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रे केली. कागदास घड्या घालून आकार ठरवीत, चाचपून पाहात, असे करीत त्यांनी १९७२ च्या सुमारास कलाभवनात फरशीच्या तुकड्यांचे मोठे भित्तिचित्र उभे केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच सुमारास त्यांच्यावर लघुपट काढला.

१९७४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले व १९८० साली ते निवर्तले. कोणा ग्रामस्थाचे त्या बाजूस जाणे झाल्यास, परवानगी काढून दोन्ही भित्तिचित्रे अवश्य पाहावीत. आधी हिंदी भवनातील, मग फरशीचे.