शिवरामकृष्ण चंद्रशेखर

शिवरामकृष्ण चंद्रशेखर (६ ऑगस्ट १९३० – ८ मार्च २००४) हे द्रवस्फटिकांवर मूलभूत संशोधन करणारे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. सी. व्ही. रामन हे त्यांचे मामा. नोबेल पारितोषिक विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. ती व्यक्ती वेगळी.

शिक्षण

चंद्रशेखर यांचा जन्म कोलकाता येथे झाला. १९५१ मध्ये ते नागपूर विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्यानंतर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मामांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्फटिकांच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये त्यांना नागपूर विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. पुढे केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून ते १९६१ मध्ये स्वदेशी परतले आणि म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पहिले विभागप्रमुख झाले. तेथेच ते द्रवस्फटिकांकडे वळले. १९७१ मध्ये रामन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिक प्रयोगशाळा उभारली. नवे रेणू तयार करण्यापासून त्यांचे गुणधर्म मोजण्यापर्यंतची सर्व कामे तेथे एकाच छताखाली होऊ लागली.

ध्रुवीय रेणूंचा अभ्यास

द्रवस्फटिक द्रवाप्रमाणे वाहतो. मात्र त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे ठरावीक दिशेने रांग धरतात. रेणूच्या एका टोकास सायानो गट जोडल्यास तो ध्रुवीय बनतो, म्हणजे त्याची एक बाजू धन व दुसरी ऋण होते. असे रेणू विद्युत् क्षेत्रात सहज वळतात. म्हणूनच घड्याळे व गणकयंत्रे यांच्या पडद्यांसाठी ते उपयुक्त ठरले. सर्व ध्रुवीय रेणू एकाच दिशेस तोंड करतात, असे माक्स बोर्न यांनी १९१६ मध्ये सुचविले होते. परंतु द्रवस्फटिकांत तशी एकदिश ध्रुवीयता आढळत नव्हती. १९७३ मध्ये चंद्रशेखर व एन. व्ही. मधुसूदन यांनी याचा उलगडा केला. शेजारचे रेणू परस्परांच्या उलट दिशेने बसणे पसंत करतात, त्यामुळे त्यांची ध्रुवीयता बरीचशी निष्फळ होते, असे त्यांनी दाखविले. पुढे सायानोबायफिनाइल रेणूंवरील क्ष-किरण प्रयोगांत रचनेतील अंतर रेणूच्या लांबीच्या सुमारे १.४ पट आढळले. उलटसुलट जोड्या एकमेकींवर अर्धवट सरकलेल्या असल्याचे त्यावरून दिसून आले.

चकतीसदृश रेणू

१८८८ मधील पहिल्या शोधापासून द्रवस्फटिकासाठी रेणू दंडाप्रमाणे लांबट असावा लागतो, असे मानले जाई. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी ही समजूत मोडीत काढली. बेंझीन वलयाच्या सहाही स्थानी लांब शृंखला जोडलेले चपटे रेणू नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचले जाऊन स्तंभ बनवितात, हे त्यांना आढळले. हा शोधनिबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाला आणि जगभर संशोधनाची नवी शाखा उघडली. पडदा बाजूने पाहतानाही चित्र स्पष्ट दिसावे म्हणून लावल्या जाणाऱ्या पातळ पटलांत अशा रेणूंचा उपयोग होतो.

सन्मान व वारसा

त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९७२), लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९८३), त्या संस्थेचे रॉयल पदक (१९९४) आणि पद्मभूषण (१९९८) हे सन्मान लाभले. आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९९० मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी बंगळूर येथे द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू केले. आज ते ‘नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र’ म्हणून कार्यरत आहे.