साष्टीचे फादर स्टीफन्स

बेळगाव-निपाणीकडील आम्हा जुन्या मराठी घराण्यांत पाद्र्यांच्या शाळांचा विषय निघाला की बेळगावच्या सेंट पॉल्सचे नाव हटकून येते. ती शाळा १८५६ सालची. परंतु जेझुइट पाद्री आणि मराठी यांचे नाते तिच्याहूनही सुमारे अडीचशे वर्षांनी जुने आहे. ते ज्यांनी जोडले त्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्राकडे माझे मन वारंवार वळते.

स्टीफन्स जातीचे इंग्रज. जन्म १५४९च्या सुमारास, विल्टशर परगण्यातील बुश्टन गावी. रोम येथे ते जेझुइट संघात शिरले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरले. पुढील आयुष्य बहुतेक साष्टीत गेले. काळ मोठा कटू होता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी घातली होती. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच पाद्र्यांस ठार केले. त्यांची प्रेते आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याच वाट्यास आले.

तरीही हा मनुष्य मराठी शिकला, आणि तीही एकनाथांच्या काळातील ग्रंथांची मराठी. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. रविवारी मुलांचा धर्मपाठ चालला असता एक ब्राह्मण विचारतो की, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. १६१६ साली तो रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. तीन वर्षांनी स्टीफन्स वारले. त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच सोडवण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु हस्तलिखितांतून ग्रंथ तगला. १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

धर्मप्रसार हा स्टीफन्स यांचा हेतू होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु शिकवण्यापूर्वी ते स्वतः विद्यार्थी झाले, याचे मला मोल वाटते. आमच्या सीमाभागात मराठी, कानडी व इंग्रजी यांच्या ओढाताणीत मूल शाळेत जाते. कोणत्याही शाळेची पारख करताना मी एवढेच पाहतो की, तेथील मास्तर त्या मुलाच्या घरची भाषा शिकले आहेत की नाहीत.